जुनी मोटार आणि वैशाखाचें ऊन

वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा तळ्यांचा, धानाच्या शेतांचा आणि झाडीचा म्हणून ओळखला जातो. परंतु वैशाख लागला, म्हणजे याच हिरव्या मुलखास भट्टीचें रूप येतें. सकाळीं दहा वाजल्यापासून रस्ते ओस पडूं लागतात, दुपारीं पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि सूर्याचा रोहिणी नक्षत्रांत प्रवेश झाला कीं 'नवतपा' सुरू होतो. शेजारच्या नागपुरास मे २०१३ मध्यें ४७.९ अंशांची नोंद झाली होती. यावरून या भागांतील उन्हाची कल्पना यावी. अशा वेळीं माणसें दारें लावून घरांत बसतात, गुरें झाडाखालीं जातात. परंतु ज्या घरीं आजोबांच्या वेळची मोटार जपून ठेवलेली असते, त्या घरीं तिचें काय करावें, हा प्रश्न दर वर्षीं नव्यानें उभा राहतो.

'व्हिन्टेज' हा शब्द हल्लीं बराच सैलपणें वापरला जातो. काटेकोर अर्थानें तो १९१९ ते १९३० या काळांत तयार झालेल्या मोटारींस लागू पडतो. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलीं आणि मूळ स्वरूपांत राखलेलीं खासगी वाहनें या सदरांत धरलीं आहेत. त्यामुळें कापडी टपाच्या जुन्या फोर्डबरोबर पन्नाशी ओलांडलेली अँबॅसडर किंवा फियाट हीही या मानास पात्र ठरते. या गाड्यांच्या घडणींत पुष्कळ फरक असला, तरी एका बाबतींत त्या सारख्याच आहेत. आंत बसणाऱ्यास गारवा मिळावा, म्हणून बहुतेकींत कोणतेंहि यंत्र बसविलेलें नव्हतें.

ही उणीव दूर करण्याचा विचार करतांना बहुतेकांच्या मनांत पहिला प्रश्न येतो, तो गाडींत सांचलेली उष्णता बाहेर कशी काढावी, हा. वास्तविक प्रश्न उलट बाजूनें विचारला पाहिजे: उष्णता मुळांत आंत कशी येऊं देऊं नये? या जिल्ह्यांतील जुन्या घरांनीं त्याचें उत्तर फार पूर्वीं दिलेलें आहे. मातीच्या जाड भिंती, कवेलूंखालीं लाकडी माळा, पुढें खोल ओसरी, आणि ऊन चढण्यापूर्वींच लावून घेतलेलीं दारें-खिडक्या, या सर्वांचा हेतु एकच असतो. उन्हास उंबरठ्याबाहेरच थोपवावें. जुनी मोटार हें एक लहानसें घरच मानलें, म्हणजे तिच्या बाबतींत काय करावें, हें आपोआप सुचूं लागतें.

मोटारींत उष्णता तीन वाटांनीं येते. पहिली वाट सूर्यकिरणांची, दुसरी इंजिनाची आणि तिसरी बाहेरच्या तापलेल्या हवेची. या तिन्ही वाटांचा विचार क्रमानें करणें सोयीचें आहे.

भंडारा सुमारें २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत मध्यान्हीं सूर्य तेथें अगदीं डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवली तिच्या पायाशींच लोपते. नवतप्याचे दिवसहि नेमके हेच. अशा वेळीं खिडक्यांपेक्षां छतावर अधिक ऊन पडतें. खिडक्यांचा त्रास सकाळीं व सायंकाळीं असतो. निरभ्र आकाशांतून भर दुपारीं दर चौरस मीटर आडव्या पृष्ठावर सुमारें एक किलोवॅट इतकी शक्ति पडते. गाडीचें छत दोन चौरस मीटरांचें धरलें, तर त्यावर एकेक किलोवॅटच्या विजेच्या दोन शेगड्या दुपारभर पेटत्या ठेवल्यासारखें होतें. सगळी उष्णता आंत येत नाहीं हें खरें. परंतु पत्रा काळसर आणि खालीं अस्तर झिजलेलें असेल, तर तिचा बराच वांटा बसणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९३५ च्या सुमारापर्यंत बंद मोटारींचें छत सहसा सबंध पत्र्याचें नसे. मधला भाग लाकडी पट्ट्यांवर भरण घालून त्यावर मेणकापड ताणून केलेला असे. हें भरण उष्णतेस चांगलेंच अडवीत असे. पुढें सबंध पोलादी छत आलें, तें बळकट खरें, पण उन्हांत लवकर तापणारें. म्हणून जुन्या गाडीचें आंतील अस्तर नव्यानें लावण्याची वेळ आली, तर त्यामागील भरणाकडे दुर्लक्ष करूं नये. लोकरीच्या नमद्याचा एक थर अस्तराआड दिसतहि नाहीं आणि गाडीच्या मूळ रूपासहि बाध येत नाहीं.

कांचेचें कार्य निराळें आहे. सूर्याचा प्रकाश कांचेंतून सहज आंत जातो आणि गाद्या, फळ्या व पत्रा यांना तापवितो. तापलेल्या या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र त्याच कांचेंतून तितक्या सहजपणें परत जाऊं शकत नाहीं, आणि बंद दारांमुळें गरम हवेसहि बाहेर पडण्यास वाट मिळत नाहीं. परिणामीं उन्हांत बंद करून ठेवलेली गाडी हा उष्णतेचा सांपळा बनतो. बाहेर ३० अंश असतां तासाभरांत आंतील हवा ५० अंशांच्या घरांत जाऊं शकते, आणि या वाढीचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासांतच होतो. कांचा बोटभर खालीं ठेवल्यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं.

या सांपळ्याची खरी भीति गाडीला नसून माणसाला आहे. लहान मुलाचें शरीर प्रौढापेक्षां तीन ते पांच पट वेगानें तापतें. बाजारांत दोन मिनिटांचें काम आहे, म्हणून मुलास किंवा कुत्र्यास बंद गाडींत ठेवून जाणें हें या दिवसांत प्राणावर बेतणारें ठरतें. घरच्या आवारांत उभी असलेली जुनी मोटार तर मुलांच्या दृष्टीनें लपाछपीची उत्तम जागा असते, आणि जुनीं, घट्ट झालेलीं हँडलें लहान हातांनीं आंतून उघडतातच असें नाहीं. म्हणून न वापरतां उभ्या ठेवलेल्या गाडीस कुलूप असावें, आणि किल्ली मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं असावी. गारव्याच्या सर्व उपायांत हा उपाय पहिला होय.

सूर्यकिरणांची वाट अडविण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे सांवली. कडुनिंबाची सांवली उत्तम; आंब्याखालीं चीक व फळें पडून रंग बिघडतो, आणि पक्ष्यांचा मुक्काम असलेलें कोणतेंहि झाड रंगाच्या दृष्टीनें वाईटच. झाडाची सांवली सूर्याबरोबर सरकते, हीही तिची एक उणीव आहे. याहून बरा उपाय म्हणजे चार बाजूंनीं मोकळा मांडव. धान पिकविणाऱ्या या जिल्ह्यांत तणसाला तोटा नाहीं. बांबूच्या सांगाड्यावर तणसाचा किंवा गवताचा वीतभर थर घातला, तर पत्र्याच्या शेडपेक्षां त्याखालीं पुष्कळच थंड राहतें, कारण तापलेला पत्रा स्वतःच खालच्या वस्तूंवर उष्णता टाकीत असतो. मात्र गवतास आगीचें भय असतें. म्हणून अशा मांडवाखालीं पेट्रोल भरूं नये, गाडीचें इंजिन चालवून पाहूं नये, आणि जवळ वाळूची बादली ठेवावी.

मांडव शक्य नसेल, तर पांढऱ्या सुती कापडाची गवसणी घालावी. पांढरा रंग ऊन परतवितो, आणि सुती कापडांतून हवा खेळते. प्लॅस्टिकच्या आवरणाखालीं मात्र दमटपणा कोंडतो आणि रंगावर फोड येतात. गवसणी छतास अगदीं चिकटूं न देतां मध्यें बोटभर अंतर राहील, अशी व्यवस्था करतां आली, तर अधिक चांगलें. या अंतरांतून वाहणारी हवा वरच्या कापडाची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. उष्ण देशांत पाठविल्या जाणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांवर याच तत्त्वानें दुहेरी छत बसवीत. एका पत्र्यावर दुसरा पत्रा, आणि दोहोंमध्यें वारा. कवेलूंच्या घरांतील माळाहि हेंच काम करीत आलेला आहे.

गाडीच्या आंत सुती खोळींचा उपयोग मोठा आहे. कातड्याच्या किंवा रेक्झिनच्या गाद्या उन्हांत इतक्या तापतात कीं, त्यांवर बसवत नाहीं. शिवाय ऊन लागून कातडें तडकतें तें निराळेंच. फिक्या रंगाची जाड सुती खोळ दोहोंचेंहि रक्षण करते. गाडी उभी असतां समोरच्या कांचेमागें पांढरा पुठ्ठा किंवा कापड लावावें, आणि सुकाणूच्या चाकावर ओलसर नव्हे, कोरडें फडकें टाकावें. कांचांवर कायमची काळी फीत चिकटविण्याचा मोह टाळावा. समोरच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. आणि जुन्या गाडीच्या रूपासहि तें काळें आवरण शोभत नाहीं. काढतां-घालतां येणारे पडदे उभ्या गाडीस पुरेसे होतात. निघण्यापूर्वीं समोरासमोरचीं दोन दारें पांच मिनिटें उघडीं ठेवलीं, कीं सांचलेली हवा निघून जाते.

दुसरी वाट इंजिनाची. जुन्या गाडींत इंजिन आणि बसणारा यांच्यामध्यें एक पातळ पडदी असते, आणि पायाखालीं लाकडी फळ्या किंवा नुसता पत्रा असतो. खालून धुराची तापलेली नळी जाते. पायदांडे, तारा व नळ्या यांसाठीं पडदींत ठेवलेल्या भोंकांचीं रबरी कडीं काळांतरानें झिजतात, आणि त्या फटींतून इंजिनाची गरम हवा, कधीं कधीं धूरहि, आंत शिरतो. पुष्कळ वेळां मालक छताला दोष देतो, आणि खरा दोष पायांशीं असतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. रात्रीच्या वेळीं दारें लावून एकानें आंत बसावें, आणि दुसऱ्यानें इंजिनाच्या बाजूनें दिवा धरावा. जेथून उजेड दिसेल, तेथून दिवसा उष्णता येते. अशा सर्व फटी नव्या रबरानें व नमद्यानें बंद कराव्या. इंजिनाच्या बाजूस मात्र न पेटणारेंच द्रव्य वापरलें पाहिजे. जुन्या गाड्यांत या कामीं अनेकदां अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलें असे. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते. म्हणून जुनें राखाडी, तंतुमय अस्तर दिसल्यास तें घरीं खरवडीत बसूं नये. जाणत्या कारागिराकडे काम सोंपवावें.

तिसरी वाट हवेची. जुन्या गाडीच्या कर्त्यांनीं वारा खेळण्याची सोय मोठ्या कौशल्यानें केलेली असे. बॉनेट व समोरची कांच यांच्या मधली झडप, तळाशीं बाहेर उचलतां येणारी पुढील कांच, दारांतील फिरती त्रिकोणी कांच, या सर्वांचा तोच हेतु. वर्षांतील बहुतेक दिवस हीं साधनें पुरीं पडतात. म्हणून गंजून घट्ट झालेल्या झडपा व बिजागऱ्या मोकळ्या करणें हें मालकाचें पहिलें काम आहे. परंतु भंडाऱ्याच्या मे महिन्यांत वारा हाच तापलेला असतो. माणसाच्या त्वचेचें तापमान सुमारें ३५ अंश असतें. त्याहून थंड वारा अंगास निववितो. ४४ अंशांचा वारा उलट अंगांत उष्णता भरतो, आणि घाम सुकवून जो थोडा गारवा देतो, त्याची किंमत शरीरांतील पाण्यानें वसूल करतो. म्हणून अशा दुपारीं नुसता पंखा लावणें किंवा सर्व कांचा उघडणें पुरेसें नाहीं. तो वारा आंत घेण्यापूर्वीं थंड करावा लागतो.

यासाठीं विदर्भास वाळ्याचा पडदा शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. ओल्या वाळ्यांतून वारा जातो, तेव्हां पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेस लागणारी उष्णता वाऱ्यांतूनच काढून घेतली जाते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. एक किलो बर्फ वितळतांना केवळ ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे गाडींत बर्फाची लादी ठेवण्यापेक्षां तितकेंच पाणी वाळ्यावर उडूं देणें सुमारें सातपट फलदायी आहे. मुंबई ते पेशावर धांवणाऱ्या फ्रंटियर मेलच्या डब्यांत १९३४ सालीं बर्फाच्या लाद्यांनीं गारवा आणीत. परंतु त्यासाठीं वाटेंतील स्थानकांवर पुनःपुन्हां बर्फ भरावा लागे. खासगी गाडीस तो थाट परवडणारा नाहीं.

मोटारीसाठीं वाळ्यासारखी योजना दूर अमेरिकेंतहि निघाली होती. १९३० नंतर तेथील नैर्ऋत्येच्या कोरड्या वाळवंटी प्रांतांत गाडीच्या खिडकीबाहेर एक नळकांडें टांगीत. त्यांत पाण्यानें भिजविलेली गादी असे. धांवत्या गाडीमुळें वारा त्यांत शिरे, ओल्या गादींतून जाई, आणि थंड होऊन आंत येई. त्याला इंजिनाची शक्ति लागत नसे, कीं वीज लागत नसे. दमट प्रांतांत मात्र त्याचा कांहींएक उपयोग होत नसे. कारण उघड आहे: जी हवा आधींच पाण्यानें भरलेली असते, ती आणखी पाणी घेत नाहीं.

हाच नियम भंडाऱ्यास लावून पाहतां येतो. मे महिन्याच्या दुपारीं हवा ४४ अंशांवर आणि तिचा दमटपणा २० टक्के असेल, तर ओल्या पडद्यांतून गेलेली हवा पराकाष्ठेची थंड झाल्यास सुमारें २५ अंशांपर्यंत उतरूं शकते. व्यवहारांत तितका लाभ होत नाहीं. तरीहि उतार मोठाच पडतो. उलट जुलैंत हवा ३१ अंशांवर आणि दमटपणा ८० टक्के असतां हा उतार अवघा तीन अंशांचा असतो. म्हणून वाळा हा वैशाख-ज्येष्ठाचा सोबती आहे; पाऊस सुरू झाला, कीं त्याला रजा द्यावी.

वाळा वापरतांना कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. पडदा मागील बाजूच्या एकाच खिडकीस, हलक्या चौकटीवर बसवावा. चालकाची दृष्टि अडेल अशा जागीं तो कदापि नसावा. समोरच्या बाजूची दुसरी कांच थोडी उघडी ठेवावी, म्हणजे ओली हवा बाहेर पडून नवी आंत येत राहते. ती वाट न ठेवल्यास थोड्याच वेळांत गाडींत कोंदट दमटपणा भरतो. पडद्याखालीं गळतें पाणी धरण्यास उथळ भांडें असावें. पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यांत तशी परात मिळणें अवघड नाहीं. ही काळजी नांवापुरती नव्हे. जुन्या गाड्यांच्या अंगाखालीं पुष्कळदां लांकडाचा सांगाडा असतो. त्यांत पाणी मुरलें, तर लाकूड कुजतें, पत्रा गंजतो, आणि दोन घटकांच्या गारव्यासाठीं पन्नास-शंभर वर्षें टिकलेली वस्तु खराब होते. प्रवास संपतांच पडदा काढून गाडी आंतून कोरडी करावी.

इतकी खटपट करण्यापेक्षां आधुनिक वातानुकूलन यंत्र बसवून मोकळें व्हावें, असें कोणासहि वाटेल. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं मोटारींत असें यंत्र प्रथम बसवून विकण्यास काढलें. त्या यंत्रानें मागील सामानाची निम्मी जागा अडविली होती, आणि तें पूर्णपणें थांबवावयाचें असल्यास इंजिन बंद करून पट्टा उतरवावा लागे. थोड्याच वर्षांत कंपनीला तें सोडून द्यावें लागलें. पुढें तें यंत्र सुधारलें, लहान झालें. परंतु त्यास लागणारी शक्ति कांहीं अश्वशक्तींची असतेच. फोर्डच्या 'मॉडेल टी'चें इंजिन अवघ्या २० अश्वशक्तींचें होतें. अशा इंजिनावर हा बोजा टाकला, आणि रेडिएटरपुढें त्या यंत्राची जाळी बसवून त्याचा वारा अडविला, तर आंतील माणूस थंड होण्यापूर्वींच इंजिनाचें पाणी उकळावयाचें. जुन्या गाड्यांचा सहा व्होल्टचा विजेचा पुरवठाहि त्यास अपुरा पडतो. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणें सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार केल्यास व्हिन्टेज नोंदणीचा हक्कच जातो. गारव्यासाठीं मूळ वस्तूच गमवावी, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

याच नियमांत एक सोयहि दडलेली आहे. व्हिन्टेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीस वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणें व दुरुस्ती, एवढ्यांसाठींच ती रस्त्यावर आणावयाची असते. अर्थात् तिला भर दुपारीं बाहेर काढण्याची सक्ति कोणावरहि नाहीं. इंजिन चालतें ठेवण्यासाठीं उन्हाळ्यांत अधूनमधून फेरी मारावयाची, ती पहांटे मारावी आणि नऊच्या आंत गाडी मांडवाखालीं परत यावी. लांबचा मेळावा असेल, तर तो हिवाळ्यांत ठेवावा. पहाटेच्या फेरींतहि पिण्याचें पाणी, डोक्यास दुपट्टा आणि कैरीचें पन्हें किंवा मठ्ठा बरोबर असावा. बसलेल्यांपैकीं कोणास चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणें अशीं लक्षणें दिसल्यास गाडी सांवलींत थांबवून अंग ओलें करावें, वारा घालावा, आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत पाणी घालूं नये. ऊन लागणें हा किरकोळ आजार नव्हे.

या सर्व उपायांत महागडें असें कांहीं नाहीं. सांवली, पांढरें कापड, बुजविलेल्या फटी, मोकळ्या झडपा, ओला वाळा आणि योग्य वेळ, एवढींच साधनें आहेत. आणि त्यांतील बहुतेक या मुलखांतील प्रत्येक घरास पिढ्यान्पिढ्या परिचित आहेत. जुनी मोटार ज्या काळांत जन्मली, त्या काळीं माणसें उन्हाशीं झुंजत नसत. त्याची वेळ ओळखून वागत. ती रीत पाळली, तर गाडीहि टिकते आणि गाडींत बसणारींहि सुखरूप राहतात.